आयसोमेट्रिक आकृती शेवटच्या कोपऱ्यात जुळत नाही? या क्रमाने तपासा

आयसोमेट्रिक म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवणारी आकृती. सुरुवात छान होते. अक्ष काढले, खोका काढला, खाचा पाडल्या, सगळं सुरळीत. मग शेवटची एक रेघ उरते आणि ती जिथे जाऊन टेकायला हवी तिथे टेकत नाही. कधी तीन मिलिमीटर कमी पडतात, कधी दहा जास्त होतात. बहुतेक जण इथे रेघ जराशी तिरपी करून बिंदूला नेऊन भिडवतात आणि वरून गडद पेन्सिल फिरवतात. असं कृपया करू नका. ती न जुळणारी रेघ हीच तुमची सगळ्यात मोठी मदत आहे, कारण चूक कुठे झाली याचा माग तिथूनच लागतो.

मी कित्येक वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासतोय, आणि खाली दिलेली लक्षणं पुन्हा पुन्हा माझ्यासमोर येतात. कारणं मोजकीच आहेत. ती शोधण्याचा माझा क्रम असा, की अर्ध्या मिनिटात होणारं आधी पाहायचं आणि आकृती पुन्हा काढायला लावणारं शेवटी.

लक्षणं

- शेवटची कड बंद होत नाही, किंवा तिरपी बाजू कमी-जास्त पडते.
- उभ्या रेघा उभ्या आहेत, तरी वस्तू एका बाजूला कलंडल्यासारखी दिसते.
- वस्तू बरोबर वाटते, पण डावीकडची खाच उजवीकडे गेलेली असते. आरशात पाहावं तशी.
- भोक पृष्ठभागावर सपाट बसत नाही. चिकटवलेल्या अंड्यासारखं वर आलेलं दिसतं.
- लांबी-रुंदी ठीक, पण वस्तू विनाकारण उंच किंवा बुटकी वाटते.
- घनावर ठेवलेला गोल त्यात रुतल्यासारखा दिसतो.
- मागची कड पुढच्या कडेपेक्षा लांब वाटते.

यातलं शेवटचं लक्षण बहुतेक वेळा चूक नसतेच, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. खरंच चूक आहे का?

डिव्हायडर घ्या. पुढची कड मापून घ्या आणि तेच माप मागच्या समांतर कडेवर ठेवा. बरोबर बसलं तर आकृती ठीक आहे, हात लावू नका. आयसोमेट्रिकमध्ये समांतर रेघा कागदावरही समांतरच राहतात, दूर जाताना एकमेकींकडे झुकत नाहीत. आपल्या डोळ्याला मात्र लांबची गोष्ट लहान दिसायची सवय असते. ती लहान दिसली नाही की मागची बाजू फुगल्यासारखी वाटते. हा भास आहे. केवळ त्यासाठी मागची कड दोन मिलिमीटरने आखूड करणारे मी पाहिलेत आणि पुढचं सगळं त्यामुळेच बिघडतं.

घनाच्या बाबतीत आणखी एक भास होतो. अगदी जवळचा कोपरा आणि अगदी लांबचा कोपरा कागदावर एकाच बिंदूवर येतात, त्यामुळे घन मधूनच आतून पाहिलेल्या खोलीसारखा दिसू लागतो. हिडन लाइन, म्हणजे मागे लपलेल्या कडांच्या तुटक रेघा, न दाखवण्याचा आयसोमेट्रिकमधला प्रघात इथे उपयोगी पडतो. त्या काढून ठेवल्या असतील तर पुसा, गोंधळ कमी होईल.

२. टायटल ब्लॉकमधलं (शीटवरच्या माहितीच्या चौकटीतलं) चिन्ह

याला अर्धं मिनिट लागतं, पण हे चुकलं तर खालचं सगळं तपासणं फुकट जातं. दिलेले व्ह्यू, म्हणजे वस्तूची समोरून, वरून आणि बाजूने काढलेली सपाट चित्रं, फर्स्ट अँगलचे आहेत की थर्ड अँगलचे? या दोन नावांनी व्ह्यू कागदावर कुठे मांडायचे ते ठरतं. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली असतो आणि डावीकडून पाहिलेला साइड व्ह्यू उजव्या हाताला येतो. थर्ड अँगलमध्ये जिकडून पाहिलं तिकडेच व्ह्यू ठेवतात. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलची असतात, युरोपात फर्स्ट अँगल चालतं. त्यामुळे बाहेरून आलेल्या ड्रॉइंगवर नेहमीची सवय लावून चालत नाही.

चिन्हात टोक कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी दोन वर्तुळं असतात. ते असं वाचायचं: वर्तुळं शंकूच्या अरुंद टोकाजवळ असतील तर थर्ड अँगल, रुंद टोकाजवळ असतील तर फर्स्ट अँगल. पाठांतराची गरज नाही. दोन्ही वर्तुळं अखंड रेघेची आहेत म्हणजे शंकू अरुंद बाजूने पाहिलाय, मग तो व्ह्यू त्याच बाजूला ठेवलाय की पलीकडे, एवढंच बघायचं.

चिन्ह नसेल तर तुटक रेघांकडे वळा. फ्रंट व्ह्यूमध्ये एखादी पायरी फक्त डाव्या टोकाला दिसतेय असं धरा. ती साइड व्ह्यूमध्ये अखंड रेघेने आली असेल तर तो व्ह्यू डावीकडून घेतलेला आहे. आता तो फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे ठेवलाय का? असेल तर फर्स्ट अँगल. हा ताळा किमान दोन ठिकाणी करा. दोन्हीकडून उत्तर वेगवेगळं आलं तर थांबा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

३. अक्ष आणि हत्यारं

आधी नुसत्या नजरेने बघा. साध्या ठोकळ्याच्या आयसोमेट्रिकमध्ये कागदाच्या खालच्या कडेला समांतर अशी एकही कड येत नाही. एक कड उभी, बाकीच्या दोन डावीकडे आणि उजवीकडे ३०° ने वर चढणाऱ्या. तुमच्या आकृतीत पुढची खालची कड आडवी असेल तर तुम्ही आयसोमेट्रिक काढलेलंच नाही, ते ऑब्लिक झालंय. ऑब्लिकमध्ये पुढचा चेहरा आहे तसा येतो, खोली तिरप्या अक्षावर जाते. ती पूर्ण मापाने घेतली तर कॅव्हेलियर. त्यात घनसुद्धा लांबलचक पेटीसारखा दिसतो, म्हणून खोली निम्मी घेऊन कॅबिनेट पद्धत वापरतात. ७° आणि ४२° चे अक्ष असतील तर ते डायमेट्रिक, तिथे ४२° च्या अक्षावरचं माप निम्मं घ्यायचं. यातली प्रत्येक पद्धत आपापल्या जागी योग्य आहे. आकृती बिघडते ती एका पद्धतीचे अक्ष आणि दुसरीची मापं घेतल्यावर.

अक्ष योग्य असूनही वस्तू कलंडलेली वाटत असेल तर हत्यारं तपासा. १०० मिमीची आडवी रेघ काढा. दोन्ही टोकांवरून ६०° च्या रेघा चढवा, डावीकडून एक आणि उजवीकडून एक. तयार झालेल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू १०० मिमी भरायला हव्यात. नाही भरल्या तर गुण्याची कड झिजलीय, नाहीतर ड्राफ्टरच्या (बोर्डावर बसवायच्या पट्ट्यांच्या यंत्राच्या) सांध्यात खेळ आहे. एक अंश म्हणजे फार नाही असं वाटतं, पण १०० मिमी लांबीवर तो एक अंश पावणेदोन मिलिमीटर खातो, आणि अशा तीन-चार कडा ओळीने जोडल्या की शेवटचा कोपरा जुळणं शक्यच नाही. शीटची चारही टोकं पक्की आहेत ना, हेही बघून घ्या. काम चालू असताना एक टोक सुटून शीट किंचित फिरली, ही चूक सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारी.

४. एकाच आकृतीत दोन मापपट्ट्या

आयसोमेट्रिक प्रोजेक्शन आणि आयसोमेट्रिक ड्रॉइंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनाचे तिन्ही अक्ष प्रक्षेपाच्या पृष्ठभागाशी सारख्याच कोनात, म्हणजे सुमारे ३५° १६′ ने कलतात, म्हणून तिन्ही दिशांची मापं सारखीच आखडतात. १०० मिमीची कड ८१.६ मिमी होते. ही आखडलेली मापं घेतली की ते प्रोजेक्शन. साध्या पट्टीने पूर्ण १०० घेतले की ते ड्रॉइंग, काही ठिकाणी त्याला आयसोमेट्रिक व्ह्यू म्हणतात. आकार दोन्हीकडे तोच, ड्रॉइंग फक्त १.२२ पट मोठं.

दोन्ही पद्धती चालतात, पण एका आकृतीत त्यातली एकच. होतं असं की लांबी-रुंदी आयसोमेट्रिक स्केलवरून (आखडलेल्या मापांच्या पट्टीवरून) घेतली जाते आणि उंचीपर्यंत येताना हात सवयीने साध्या पट्टीकडे जातो. मग वस्तू उंच दिसते आणि कारण सापडत नाही. तपासायला सोपं आहे. मूळ ड्रॉइंगमध्ये सारख्याच मापाच्या दोन कडा शोधा, एक उभी आणि एक आडव्या पातळीतली. आकृतीत त्या दोन्ही डिव्हायडरने मोजा. फरक निघाला आणि गुणोत्तर ०.८२ च्या आसपास आलं, की हीच चूक.

रुतलेल्या गोलाचा उलगडाही इथेच होतो. प्रोजेक्शन काढताना गोलाची त्रिज्या आखडत नाही, कारण गोल कुठूनही पाहिला तरी खऱ्या त्रिज्येचं वर्तुळच दिसतं. केंद्राची उंची मात्र आखडते. २५ मिमी त्रिज्येचा गोल असेल तर केंद्र टेकण्याच्या बिंदूपासून २०.४ मिमी वर, आणि वर्तुळ पूर्ण २५ मिमीचं. म्हणजे वर्तुळाची खालची कड टेकण्याच्या बिंदूच्या साडेचार मिलिमीटर खाली उतरणारच. ते बरोबर आहे, वर्तुळ उचलून घनावर ठेवू नका.

५. तिरप्या कडा: इथेच सगळ्यात जास्त आकृत्या बिघडतात

माझ्याकडे येणाऱ्या न जुळणाऱ्या आकृत्यांचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून इथे जरा वेळ काढू.

आयसोमेट्रिक म्हणजे सम-माप. १८२२ साली केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी ही पद्धत मांडली ती यंत्रांचे सुटे भाग कसे जोडायचे हे एकाच चित्रातून कळावं म्हणून, आणि तिची सारी ताकद तीन दिशांमध्ये आहे. त्या तीन दिशांना पट्टी लावून खरं माप घेता येतं. चौथ्या कुठल्याही दिशेला नाही. कोनमापक तर कुठेच लावता येत नाही.

एक ठोकळा घेऊन पाहू. लांबी ६०, उंची ५०. फ्रंट व्ह्यूमध्ये वरच्या कडेवर डावीकडून २० मिमी सपाट जाऊन पुढे उतार सुरू होतो आणि उजव्या टोकाला २० मिमी उंचीवर संपतो. म्हणजे उतार आडवा ४० चालतो आणि ३० उतरतो. त्याची खरी लांबी ५० मिमी, आडव्याशी कोन साधारण ३७°. आता फ्रंटची बाजू उजवीकडे चढणाऱ्या अक्षावर ठेवून आयसोमेट्रिक काढा. कंपासमध्ये ५० मिमी घेऊन उताराची रेघ काढायला गेलात तर ती उजव्या कडेच्या बाहेर सरळ चौदा मिलिमीटर जाईल, कारण आयसोमेट्रिक ड्रॉइंगमध्ये हा उतार फक्त ३६ मिमीचा येतो. तोच उतार उलट दिशेने चढत असता तर जवळपास ६१ मिमी झाला असता. खरी लांबी दोन्हीकडे ५० च. कोनाचंही तसंच: ३७° चा कोन एका बाबतीत ४६° दिसतो, दुसऱ्यात २५°. कोनमापकाने ३७° मोजून काढलेली रेघ दोन्हीकडे चुकणार.

म्हणून तिरप्या कडेची लांबी कधीही घ्यायची नाही, तिची दोन टोकं शोधायची. आधी वस्तू पूर्ण मावेल असा खोका हलक्या रेघेने काढा. वरच्या कडेवर डाव्या कोपऱ्यापासून २० मोजून एक खूण, उजव्या उभ्या कडेवर तळापासून २० मोजून दुसरी. दोन खुणा जोडा. लांबी, कोन काहीही न मोजता उतार आपोआप बरोबर येतो. वक्र कडा असेल तर तिच्यावर सहा-आठ बिंदू घ्या, प्रत्येकाचं आडवं आणि उभं अंतर फ्रंट व्ह्यूमधून उचला, आयसोमेट्रिक अक्षांवर ठेवा आणि बिंदू हाताने जोडा.

तयार आकृतीत चूक शोधायची असेल तर प्रत्येक तिरप्या कडेवर बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, हिची दोन्ही टोकं मी कुठून मोजली? एका टोकाचं उत्तर सापडलं नाही की ती कड पुसा. आजवर तरी मला यात क्वचितच दुसरं काही शोधावं लागलंय.

६. भोकं आणि गोलाई

वर्तुळ आयसोमेट्रिकमध्ये लंबवर्तुळ होतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते कुठल्या दिशेला पसरतं इथे चूक होते. भोकाचा आस, म्हणजे ड्रिल ज्या दिशेने आत गेला असता ती दिशा, हलक्या रेघेने काढा. लंबवर्तुळाचा लांब अक्ष त्याच्याशी काटकोनात हवा. वरच्या पृष्ठभागावरच्या भोकाचा लांब अक्ष म्हणून अगदी आडवा येतो, बाजूच्या दोन चेहऱ्यांवर तो आडव्याशी ६०° चा कोन करतो. गुण्या ठेवून बघा, अंड्यासारखी वर आलेली भोकं इथे लगेच पकडली जातात.

चार केंद्रांच्या पद्धतीने काढलं असेल तर केंद्रं तपासा. वर्तुळाभोवतीचा चौरस समभुज चौकोन होतो, त्याचे दोन कोन ६०° चे आणि दोन १२०° चे. मोठ्या कंसांची केंद्रं १२०° च्या कोपऱ्यांवर असतात. तिथून समोरच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंना रेघा जोडल्या की त्या लांब कर्णावर जिथे छेदतात तिथे लहान कंसांची केंद्रं. ६० मिमी व्यासाच्या भोकासाठी मोठी त्रिज्या ५२ आणि लहान १७.३ मिमी येते. चारही कंस बाजूंच्या मध्यबिंदूंवरच एकमेकांना भेटायला हवेत. ते मध्यबिंदू चुकले असतील तर जोडाच्या जागी बारीक कोपरा उमटतो.

ही पद्धत अंदाजे आहे, हे लक्षात ठेवा. त्याच भोकाचं खरं लंबवर्तुळ ७३.५ बाय ४२.४ मिमी असतं आणि चार केंद्रांनी ते ६९.३ बाय ४३.९ येतं. दोन-चार मिलिमीटरचा हा फरक तुमच्या हाताची चूक नाही. जिथे गोल कड दुसऱ्या कडेला टेकते किंवा जिथून पुढे मापं घ्यायचीत तिथे मात्र बिंदू घेऊनच वक्र काढा.

भोकातून मागची कड दिसायला हवी की नको, हाही नेहमीचा प्रश्न. वरच्या पृष्ठभागावर भोक असेल आणि पट्टीची जाडी व्यासाच्या ०.७ पटीपेक्षा कमी असेल तर मागच्या कडेचा थोडा कंस दिसतोच. ६० मिमीच्या भोकासाठी ४२ मिमीपेक्षा पातळ पट्टी. त्यासाठी नवीन केंद्रं शोधू नका, आधीचीच केंद्रं जाडीइतकी सरळ खाली सरकवा.

७. कॉम्प्युटरवर काढत असाल तर

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आयसोमेट्रिक स्नॅप चालू न करता एलिप्स (लंबवर्तुळ) कमांड दिली तर आयसोसर्कल, म्हणजे आयसोमेट्रिकमधलं वर्तुळ, हा पर्यायच दिसत नाही, आणि मग लोक साधं एलिप्स अंदाजाने फिरवून बसवतात. स्नॅप चालू करा, एफ-५ दाबून योग्य पृष्ठभागावर या, मग आयसोसर्कल घ्या. भोक चुकीच्या दिशेला पसरलं तर बहुधा एफ-५ दाबायचं राहिलंय. अशा सपाट आकृतीत रोटेट आणि मिरर जपून वापरा, कारण ती ३डी वस्तू नाही, कागदावरच्या रेघाच आहेत. ९०° ने फिरवलेला भाग दुसऱ्या चेहऱ्यावर बसणार नाही.

उलट ३डी मॉडेलचा आयसोमेट्रिक व्ह्यू एकास एक मापाने छापला आणि त्यावर पट्टी लावली तर १०० ची कड ८१.६ भरेल. प्रिंटरची चूक नाही, ते खरं प्रोजेक्शन आहे.

८. मूळ व्ह्यूच एकमेकांशी जुळतात का?

हे शेवटी ठेवलंय, कारण याला वेळ लागतो. फ्रंट आणि टॉप व्ह्यूमध्ये लांबी तीच हवी, फ्रंट आणि साइडमध्ये उंची, टॉप आणि साइडमध्ये रुंदी. पहिल्या दोन जोड्या सरळ रेघ खाली किंवा बाजूला नेऊन तपासता येतात. रुंदीसाठी ४५° ची रेघ टाकून टॉप व्ह्यूमधला प्रत्येक कोपरा साइड व्ह्यूपर्यंत न्या. एकही कोपरा पोरका राहता कामा नये. राहिला तर एखादी रेघ काढायची सुटलीय किंवा एखाद्या तुटक रेघेचा अर्थ तुम्ही वेगळा लावलाय.

कुठे थांबायचं

सरावाची शीट असेल तर पुन्हा काढण्याने तुमचं काही बिघडत नाही. पण ज्या ड्रॉइंगवरून भाग बनणार आहे, तिथे पुढच्या गोष्टी स्वतः सोडवायच्या नाहीत.

दोन व्ह्यूंमधले आकडे वेगळे निघाले, समजा एकीकडे ४८ आणि दुसरीकडे ५०, तर कोणता खरा हे तुम्ही ठरवू नका आणि छापील कागदावर पट्टी लावून तर मुळीच नाही. ज्यांनी ड्रॉइंग बनवलं त्या डिझायनरला विचारा आणि सुधारित ड्रॉइंग लेखी मागून घ्या. प्रोजेक्शनचं चिन्ह नाही आणि भाग डाव्या-उजव्या बाजूला सारखा नाही, तर तिथेही तेच. चुकीचा अंदाज म्हणजे डाव्या हाताच्या भागाऐवजी उजव्या हाताचा भाग, आणि तो कापल्यावर परत जोडता येत नाही.

पाइपिंगची आयसोमेट्रिक समोर आली तर ती स्केलला नसते, हे धरूनच चाला. लहान पाइप लांब आणि लांब पाइप लहान काढलेला असू शकतो, तिथे फक्त लिहिलेले आकडे खरे. रेघ प्रमाणात नाही म्हणून ती सुधारायला जाऊ नका. एखादा आकडाच चुकलाय असं वाटत असेल तर तो पाइपिंग डिझायनरच बदलेल.

दोन पाइप किंवा दोन शंकू तिरपे एकमेकांत घुसतात तिथली छेदरेषा दोनदा काढूनही बंद होत नसेल, तर तिसऱ्यांदा बसू नका. अनुभवी ड्राफ्ट्समनला दाखवा किंवा ३डी मॉडेल करून घ्या. दाखवायला जाताना खोक्याच्या हलक्या रेघा, मोजलेल्या खुणा, सगळं शीटवर राहू द्या. स्वच्छ पुसून नेलेल्या आकृतीत चूक शोधणं त्यालाही जमणार नाही.